रात्री साडेदहाला वाजणारं झाकण

पत्र

ताई, मी ४३ वर्षांची. डोंबिवलीत राहते, फोर्टला नोकरी. जानेवारीत वजन ७३ होतं. तेव्हापासून पहाटे पाचला उठून ४५ मिनिटं चालते, आठवड्यातून दोनदा घरीच डंबेल्स. भात, बटाटा, साखर बंद. सकाळी ग्रीन टी आणि एखादं फळ. डब्यात दोन फुलके, पालेभाजी, काकडी. ऑफिसात दोनदा बिनसाखरेचा चहा. रात्री सूप आणि सॅलड. पहिल्या दोन महिन्यांत पाच किलो उतरले, आता काटा ६८ वर अडकलाय. दिवसभर मी अगदी शहाण्यासारखी वागते. स्टेशनबाहेर वडे तळत असतात, तिथून मान खाली घालून येते. पण रात्री साडेदहाला ओटा आवरताना मला काय होतं कळत नाही. सासूबाईंनी केलेले बेसनाचे लाडू, मुलाची बिस्किटं, चिवडा, हाताला लागेल ते उभ्याउभ्या खाते. परवा कंडेन्स्ड मिल्कचा अर्धा डबा चमच्याने संपवला. मग रडू येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी फळही खात नाही आणि अर्धा तास जास्त चालते. पाळीच्या आधीचा आठवडा तर विचारूच नका. नवरा म्हणतो, जिभेवर ताबा हवा. पटतं, पण तो आणायचा कुठून? (स्वयंपाक करताना कच्चे तांदूळ चघळायची सवय आहे, ती वेगळीच. आणि बारापर्यंत झोप येत नाही.)

— एक वाचक, डोंबिवली

उत्तर

मैत्रिणी,

सगळ्यात आधी ते तांदूळ. कंसात टाकून 'ती वेगळीच' म्हणून तुम्ही जे बाजूला सारलंत, तिथेच माझी नजर अडकली. कच्चे तांदूळ, खडू, पाटीवरची पेन्सिल, भाजलेली माती, फ्रीजमधला बर्फ कडाकडा चावणं, या सगळ्या ओढी एका कुळातल्या. डॉक्टर त्याला पायका म्हणतात. दर वेळी नाही, पण पुष्कळदा त्यामागे शरीरातलं लोह कमी झालेलं असतं, आणि लोह भरून आलं की ही सवय बऱ्याच जणींची आपोआप सुटते. ज्या बाईला तुम्ही मनातल्या मनात 'हावरट' म्हणत असाल, ती कदाचित नुसती रक्त कमी झालेली बाई असेल.

तेव्हा या आठवड्यात डॉक्टरांना भेटा आणि तांदळाचं त्यांना सांगा. लाजू नका, त्यांनी याहून चमत्कारिक गोष्टी ऐकलेल्या असतात. सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची साधी तपासणी, करून घ्या आणि सोबत फेरिटिन. हिमोग्लोबिन १२ च्या वर दिसलं की आपण निश्चिंत होतो, पण साठ्यातलं लोह त्याआधीच तळाला गेलेलं असू शकतं आणि ते फेरिटिनमध्ये कळतं. त्याच रक्तात थायरॉइडसाठी टीएसएच आणि गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेसाठी एचबीएवनसी होऊन जाऊ दे. पाळीत रक्तस्राव वाढलाय का, हेही सांगा. चाळिशीत तो पुष्कळ जणींचा वाढतो आणि बायका 'वयाचं आहे' म्हणून वर्षानुवर्षं अंगावर काढतात. लोहाच्या गोळ्या मात्र रिपोर्टशिवाय स्वतःच्या मनाने सुरू करू नका. तोवर एवढंच करा, जेवणाला लागून घेतलेला चहा तासभर लांब न्या आणि उसळीवर लिंबू पिळा. चहा अन्नातलं लोह शोषू देत नाही, लिंबू मदत करतं.

आता लाडवांकडे वळू. त्यांचा दोष काही मी तांदळावर ढकलणार नाही. त्यासाठी तुमच्याच पत्रावरून मी एक बेरीज केली. एक फळ, दोन फुलके, भाजी, काकडी, दोन चहा, सूप, सॅलड. तेल जरा सढळ हाताने धरलं तरी सातशेच्या आसपास कॅलरी होतात. तुमच्या वयाची, तुमच्या वजनाची बाई दिवसभर नुसती पलंगावर पडून राहिली तरी तिचं शरीर साधारण बाराशे-तेराशे खर्च करतं. तुम्ही पाचला उठून चालता, लोकलमध्ये लोंबकळता, ऑफिस करता आणि घरी येऊन स्वयंपाक करता. प्रथिनांचा हिशेब तर आणखी वाईट. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, शिफारशीप्रमाणे किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला रोज छप्पन्नेक ग्रॅम हवीत. तुमच्या ताटात जेमतेम वीस आहेत. डाळ कुठेच नाही, उसळ नाही, दही नाही, अंडं नाही.

म्हणजे तुम्ही दिवसभर जो शहाणपणा म्हणताय, त्याला मी उपासमार म्हणते. रात्री साडेदहाला जे होतं ती त्याची वसुली.

१९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शरीरशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला होता. महायुद्ध चालू होतं, युरोपात उपासमार होती, आणि भुकेने माणसाचं नेमकं काय होतं हे बघायचं होतं. छत्तीस धडधाकट तरुण स्वतःहून तयार झाले. त्यांना सुमारे सहा महिने निम्म्याच्या आसपास अन्न दिलं आणि आठवड्याला बावीस मैल, म्हणजे पस्तीसेक किलोमीटर, चालायला लावलं. (ओळखीचं वाटतंय ना?) काही आठवड्यांत ही शिकलेली, विचारी मुलं दुसरं काही बोलेनाशी झाली. पाककृतींची पुस्तकं वाचत बसायची. ताटं चाटायची. एकेक जेवण तास-दोन तास पुरवायची. प्रयोग संपून पोटभर मिळायला लागल्यावरही काही जण कित्येक आठवडे थांबता थांबत नव्हते. त्यांच्यात इच्छाशक्ती नव्हती असं कोणी म्हणणार नाही. युद्धात शस्त्र हातात धरणार नाही, असं सरकारला तोंडावर सांगणारी माणसं होती ती.

आणि त्यांना 'निम्मं' म्हणून मिळत होतं ते दिवसाला सोळाशेच्या आसपास. तुमच्या सातशेच्या दुपटीहून जास्त. ते पुरुष होते, तरुण होते, हे धरलं तरीही.

हे कळायला आपल्याला मिनेसोटाला जायची गरज नव्हती म्हणा. एकादशी आणि दुप्पट खाशी, हे आपल्या आज्यांनी कधीच सांगून ठेवलंय. आपण ती म्हण साबुदाण्याच्या खिचडीवर आणि बटाट्याच्या किसावर हसण्यापुरती वापरतो, पण त्यात शरीरशास्त्र आहे. जे वर्ज्य केलं, त्याचाच दिवसभर जप चालतो. आणि एकदा का घास तोंडात गेला, की 'मोडलाच आहे उपास, तर आता होऊ दे'. १९७५ मध्ये हर्मन आणि मॅक या दोन संशोधकांनी यावर साधा प्रयोग केला. काही तरुणींना आधी मिल्कशेक पाजला आणि मग चव बघायच्या निमित्ताने पुढ्यात आइस्क्रीम ठेवलं. ज्या एरवी मोकळेपणाने खायच्या, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. ज्या कायम वजनाच्या धाकात असायच्या, त्यांनी मिल्कशेक न पिता जेवढं खाल्लं असतं त्यापेक्षा जास्त खाल्लं. तुमचा कंडेन्स्ड मिल्कचा डबा पहिल्या चमच्याने संपला नाही. पहिल्या चमच्यानंतर तुम्ही स्वतःला जे काही बोललात, त्याने संपला.

एक घरातली गोष्ट सांगते. माझ्याही आयुष्यात असं एक वर्ष होतं. धाकटा वर्षाचा झाला होता, भिंतीवर आहारशास्त्राची पदवी टांगलेली, आणि मी रात्री सगळे झोपल्यावर चिवड्याचा डबा काढायचे. स्टीलच्या डब्याचं झाकण वाजतं, म्हणून ते गाउनच्या घोळात धरून, हळूहळू फिरवत उघडायचे. खाली फक्त शेंगदाणे आणि मीठ उरेपर्यंत खायचे. एके दिवशी दुपारी पाहुण्यांसमोर चिवड्याच्या बशा मांडल्या आणि माझ्या लक्षात आलं, मी सहा महिन्यांत एकदाही हा चिवडा बशीत घेऊन खाल्लेला नाही. पाहुण्यांसमोरसुद्धा 'मला नको हं' म्हणाले. त्याच रात्री डबा परत गाउनमध्ये. तेव्हा कळलं की मला चिवड्याचं वेड नव्हतंच. दिवसभर तो 'नको' म्हणायचं वेड होतं.

आता काय करायचं ते. नाश्ता पहिल्यांदा परत आणा. चालून आलात की दोन अंडी, किंवा मुगाची दोन धिरडी, किंवा थालीपीठ आणि वाटीभर दही. पहाटे वेळ नसेल तर मूग रात्रीच भिजत टाका, सकाळी मिक्सरमधून फिरवायला दोन मिनिटं लागतात. डब्यात फुलके दोनच ठेवा हवं तर, पण भाजीच्या शेजारी मटकीची किंवा चवळीची वाटीभर उसळ येऊ दे. वाटीभर म्हणजे खरी वाटी, चटणीची नव्हे. आणि भात. मला भाताशी हे हाडवैर कळतच नाही. कोकणपट्टीत जन्मभर दोन्ही वेळा भात खाऊन, शेतात राबून, सुपारीसारखी शिडशिडीत राहिलेली माणसं आपण बघितली आहेत. रात्री मुदीएवढा भात, वर घट्ट वरण, अर्धा चमचा तूप, बाजूला तुमचं सॅलड. सूप नकोच. सूप म्हणजे गरम पाण्यात भाजीची आठवण. ते पिऊन झोप लागत नाही यात नवल काय?

दुपारी एकच्या सुमारास जेवत असाल आणि रात्री आठ-साडेआठला सूप पीत असाल. मधल्या सात-साडेसात तासांत फार तर दोन चहा. या पट्ट्यात काही पडल्याशिवाय रात्रीचं काहीही सुधारणार नाही, हे लिहून देते. साडेचार-पाचला, ऑफिस सुटायच्या आधी, मूठभर फुटाणे आणि गुळाचा खडा खा. किंवा भाजलेले शेंगदाणे आणि केळं. मूठभर दाण्यांत सातेक ग्रॅम प्रथिनं असतात, कॅलरी दीडशे-पावणेदोनशे. टेबलाच्या खणात बरणी ठेवा. ती विसरलात आणि गाडीतल्या मैत्रिणीने डबा पुढे केला, तर तोही घ्या. लेडीज डब्यात दुसरीच्या डब्यातलं खाण्याने कोणी बिघडल्याचं ऐकलं नाही.

काटा अडकलाय म्हणता. पोटात एवढं कमी पडल्यावर शरीर काटकसर करायला लागतं. वर रात्रीचे लाडू, बिस्किटं आणि अर्धा डबा दूध तुमच्या हिशेबात कुठे आलेत? खाणं वाढवल्यावर वजन पहिल्या दोन-तीन आठवड्यांत किलोभर वर दिसेल, ते बहुतेक पाणी असतं. घाबरून परत सुपावर जाऊ नका. काटा महिनाभर माळ्यावर टाका.

आणि तो 'अर्धा तास जास्त' आजपासून बंद. तुमच्या वजनाला पाऊण तास भरभर चाललं तरी पावणेदोनशे-दोनशे कॅलरी जातात. एक वडापाव त्याहून जास्तच भरतो. खाल्लेलं चालून फेडता येत नाही, त्या सावकारीत पडूच नका. व्यायाम हाडांसाठी, साखरेसाठी, डोक्यासाठी आहे. तुम्ही त्याची शिक्षा करून ठेवली आहे, आणि शिक्षा कोण किती दिवस भोगणार? मी तर म्हणते चालण्यातले दोन दिवस कमी करा आणि झोपा. बाराला डोळा लागतो, पाचला गजर. २००४ मधल्या एका लहानशा अभ्यासात बारा तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं, तर भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक २८ टक्क्यांनी वाढलं आणि पोट भरल्याची खबर देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं. ओढ कशाची लागली? गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची. तुमची साडेदहाची यादी परत वाचा.

डंबेल्स मात्र सोडू नका. या वयात स्नायू टिकवणं चालण्याइतकंच मोलाचं.

एवढं केल्यावरही रात्री काही दिवस ते होईल. शरीराला साडेदहाची सवय लागली आहे, ज्या वेळी खातो त्या वेळी भूक लागायला ते शिकतं. तेव्हा घाईने मनाशी कुस्ती खेळू नका. आधी विचारा, आत्ता गरम वरणभात दिला तर खाईन का? उत्तर 'हो' असेल तर ती भूक आहे, बसून वरणभात खा, कोणाला हिशेब देऊ नका. उत्तर 'नाही, लाडूच हवा' असेल तर ती तल्लफ. ती चढते तशी उतरतेही, बहुतेक वेळा पंधरा-वीस मिनिटांत. तेवढा वेळ स्वयंपाकघरातून निघून जा. दात घासा, गच्चीत फेरी मारा, बहिणीला फोन लावा. ओट्याची आवराआवर जमली तर मुलाकडे किंवा नवऱ्याकडे द्या. जिभेवर ताबा ठेवायला सांगणाऱ्या माणसाला हातात फडकं धरायला हरकत नसावी.

वीस मिनिटांनंतरही लाडूच हवा असेल, तर लाडू खा. पण बशीत घेऊन, दिवा लावून, खुर्चीवर बसून. एक. झाकण वाजू द्या. आणि बरं म्हणजे तो रात्रीपर्यंत थांबूच नये. रविवारी दुपारच्या चहाबरोबर, सासूबाईंच्या समोर खा आणि चांगला झालाय म्हणून सांगा. त्यांनाही कळू दे की घरातली सून लाडू खाते. त्यांना करू नका म्हणायला जाऊ नका, त्यातून फक्त रुसवे निघतील. डबा ओट्यावरून उचलून वरच्या फळीवर, मागे ठेवा, एवढं पुरे. कंडेन्स्ड मिल्क मात्र घरात आणायचंच नाही. ती काही कोणी प्रेमाने केलेली वस्तू नव्हे.

पाळीच्या आधीच्या आठवड्यात भूक खरंच थोडी वाढते, तुमचा भ्रम नाही तो. त्या दिवसांत एक फुलका वाढवा, दुपारचं खाणं जरा भरभक्कम ठेवा आणि गोडाला सरळ जागा द्या. खजूर-तूप, गूळपोळीचा तुकडा, काहीही.

एक गोष्ट मी मनात खूण करून ठेवली आहे. लपून खाणं, थांबता न येणं, नंतर रडणं, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःला उपाशी ठेवणं. पोटभर जेवायला लागल्यावर महिन्या-दीड महिन्यात हे ओसरायला हवं. ओसरलं नाही, आठवड्यातून एकदा तरी होतच राहिलं, तर समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. खाण्याच्या अशा आजाराला नाव आहे आणि उपचारही आहेत. ते करायला तुमची माझ्या सदराच्या पुढच्या अंकाची वाट बघायची गरज नाही. आणि उलटी काढायचा विचार जरी मनात आला, तर त्याच दिवशी जा.

वडापावचं राहिलं. बशीचा आणि खुर्चीचा नियम त्याला लागू नाही. वडापाव टेबलावर बसून काट्याचमच्याने खाण्याइतकं पाप दुसरं नाही. येत्या शुक्रवारी गाडीतून उतरलात की मान वर करून त्या वड्याच्या गाडीपाशी जा, कढईतून निघालेला वडा मागा, सुकी चटणी जास्त, तळलेली मिरची. तिथेच उभं राहून खा. घरी गेल्यावर 'आज वडापाव खाऊन आले' असं चपला काढता काढता सांगून टाका. आणि मग रात्रीचा वरणभात नेहमीएवढाच जेवा.